धुक्यांतील वाट : पडद्यावरील विमान व उपग्रहाचें यंत्र

ज्यास पोहावयास शिकवावयाचें, त्यास आपण प्रथम कमरेइतक्या पाण्यांत उभा करतों. एकदम डोहांत लोटीत नाहीं. विमानविद्येंतहि असें उथळ पाणी आहे व त्याचें नांव फ्लाइट सिम्युलेटर. आमचे कित्येक विद्यार्थी घरच्या संगणकावर हें पडद्यावरील विमान चालवितात, आणि त्यांचे पालक आम्हांस विचारतात कीं, हा कालाचा अपव्यय नव्हे काय? मुलगा तें विमान कशा रीतीनें चालवितो यावर या प्रश्नाचें उत्तर अवलंबून आहे. तें कसें, हें एका उदाहरणानें स्पष्ट करण्याचा येथें विचार आहे.

या साधनाचा इतिहास मनोरंजक आहे. अमेरिकेंत एडविन लिंक या तरुणानें इ. स. १९२९ च्या सुमारास, वडिलांच्या ऑर्गन व पियानोच्या कारखान्यांतील भात्यांची युक्ति वापरून, जमिनीवरच डुलणारें व वळणारें एक लहानसें विमान बनविलें. प्रारंभीं लोकांनीं तें करमणुकीचें साधन म्हणूनच घेतलें. पुढें १९३४ सालीं तेथील सैन्याकडे हवाई टपालाचें काम आलें. ढगांत व हिमवर्षावांत उडण्याचा पुरेसा अभ्यास नसल्यामुळें कित्येक वैमानिक प्राणांस मुकले. तेव्हां कोठें सैन्यानें लिंकचीं सहा यंत्रें विकत घेतलीं. तात्पर्य, ज्यास लोक खेळणें म्हणत होते, त्याची किंमत प्राणहानीनंतर कळली.

ढगांत शिरलेल्या मनुष्यास त्याचें स्वतःचें शरीरच फसवितें. विमान हळूहळू एका बाजूस वळत असतांहि, कानाच्या आंतील तोल सांभाळणारें इंद्रिय ‘आपण सरळच जात आहों’ अशी ग्वाही देतें. म्हणून वैमानिकानें शरीराचें न ऐकतां समोरील यंत्रांचें ऐकावें लागतें. अशा प्रकारें यंत्रांवर विसंबून धांवपट्टीकडे उतरत येणें, यास इन्स्ट्रुमेंट अप्रोच म्हणतात. त्याच्या दोन रीति येथें ध्यानांत घ्याव्या. पहिली आयएलएस, हींत धांवपट्टीजवळून सोडलेल्या रेडिओलहरी डावें-उजवें आणि उतार हीं दोन्हीं दाखवितात. दुसरी जीपीएसची, हींत जमिनीवरील यंत्राची गरज नसून, आकाशांत कल्पिलेल्या बिंदूंची एक माळ उपग्रहांच्या साहाय्यानें ओंवावयाची असते. स्थान, उंची व वेळ ठरविण्यास चार उपग्रह लागतात. त्यांपैकीं एखादा खोटी साक्ष देत आहे काय, हें ओळखण्यास पांचवा लागतो.

जुन्या सिम्युलेटरांबरोबर मिळणारें उपग्रहयंत्र बहुधा साधें असे. त्यांत खऱ्या यंत्रांतील कित्येक कळा नसत. ही उणीव भरून काढण्याकरितां निराळीं जोडयंत्रें निघालीं. गार्मिन कंपनीचें १९९८ सालचें ४३०, त्याचाच मोठा भाऊ ५३०, आणि २०११ सालीं आलेलीं ६५० व ७५०, यांच्या या प्रतिकृति होत. कांहीं प्रतिकृति तर खुद्द कंपनीच्या शिकवणीच्या प्रोग्रामवर चालतात. त्यामुळें पडद्यावर दाबलेली कळ खऱ्या विमानांतल्याप्रमाणेंच उत्तर देते. येथें खेळ संपून अभ्यासास आरंभ होतो.

आतां प्रत्यक्ष कृति पाहूं. जीपीएसच्या मार्गाचा आकार पुष्कळदां इंग्रजी ‘टी’ अक्षरासारखा असतो. आडव्या रेघेच्या टोंकांवरून आंत यावें, मध्यबिंदूशीं धांवपट्टीकडे वळावें, आणि शेवटच्या बिंदूपासून खालीं उतरावें. तो शेवटचा बिंदु धांवपट्टीपासून सुमारें पांच सागरी मैलांवर असतो. यंत्रावरील ‘प्रोसिजर’ची कळ दाबून प्रथम मार्ग निवडावा व नंतर प्रवेशाचा बिंदु निवडावा. पुढें यंत्र विचारतें : मार्ग नुसता भरून ठेवूं, कीं आतांच चालू करूं? हे दोन प्रश्न भिन्न आहेत. घाईनें ‘चालू’ केल्यास विमान मधले बिंदु सोडून भलतीकडे वळतें.

दुसरी गोष्ट सुईची. जुन्या ४३० यंत्रांत सुई एका टोंकास पूर्ण गेली, तर प्रवासांत त्याचा अर्थ पांच सागरी मैलांची चूक असा होतो. विमानतळ तीस मैलांच्या आंत आला कीं तीच सुई एक मैल दाखविते, आणि शेवटच्या बिंदूच्या दोन मैल अलीकडून अवघा तीन-दशांश मैल. म्हणजे सुई तीच, पण तिची भाषा बदलली! ज्यास हें ठाऊक नाहीं, तो आरंभीं बेफिकीर राहतो व शेवटीं घाबरतो.

येथें आमचीच एक फजिती सांगितली पाहिजे. एके सायंकाळीं आम्ही पडद्यावर दाट ढग पसरून मुंबईच्या २७ क्रमांकाच्या धांवपट्टीकडे आयएलएसनें येत होतों. २७ म्हणजे २७० अंश, अर्थात् पश्चिम दिशा. रेडिओ नीट लावला होता, मार्गहि यंत्रांत भरला होता. सुई मध्यभागीं निश्चल पाहून आम्हीं स्वतःस शाबासकी दिली. परंतु उताराची सुई कांहीं केल्या जागी होईना. तिची वाट पाहून पाहून शेवटीं आम्हीं अंदाजानेंच विमान खालीं सोडलें, आणि धांवपट्टीच्या अलीकडेच तें जमिनीस लागलें. चूक एका कळेची होती. ती सुई अद्यापि उपग्रहाचेंच ऐकत होती. ‘सीडीआय’ची कळ दाबून तिला आयएलएसकडे वळविण्यास आम्ही विसरलों होतों. यंत्र खोटें बोललें नव्हतें. आम्हीं विचारलेल्या प्रश्नाचें त्यानें खरेंच उत्तर दिलें. प्रश्न मात्र चुकीचा होता.

त्या दिवसापासून आम्हीं कांहीं नियम केले. उतरूं लागण्यापूर्वीं सुई कोणाच्या आज्ञेंत आहे, तें मोठ्यानें म्हणावें. ठरलेल्या उंचीवर धांवपट्टी दिसली नाहीं, तर ‘आणखी थोडें’ असें न म्हणतां वर निघावें. वर निघतांना हेंहि ध्यानांत असावें कीं, ४३० व ५३० हीं यंत्रें धांवपट्टीजवळच्या बिंदूपाशीं थबकतात. ‘ओबीएस’ची कळ दाबल्यावांचून पुढील वाट दाखवीत नाहींत. आणि विमान आपटलें, तर खेळ लगेच पुन्हां सुरू न करतां चूक कोठें झाली तें वहींत लिहावें.

या अभ्यासाच्या मर्यादाहि विसरूं नयेत. पडद्यावरील उपग्रह सहसा बिघडत नाहींत. खऱ्या आकाशांत संदेश दाबलेहि जातात व खोटेहि पाठविले जातात. खऱ्या मार्गांची माहिती दर २८ दिवसांनीं नवी होते. घरच्या यंत्रांतील माहिती बहुधा शिळी असते, व ती खऱ्या उड्डाणास चालत नाहीं.

ही विद्या आपणांस परकी राहिलेली नाहीं. भारतानें उपग्रहांच्या संदेशांतील चूक सुधारणारी ‘गगन’ ही योजना उभारली. तिच्या साहाय्यानें २०२२ सालच्या एप्रिलमध्यें राजस्थानांतील किशनगड येथें एक प्रवासी विमान उतरलें. अशा विमानांच्या पुढील आसनावर उद्यां आमचा एखादा विद्यार्थी बसेल, आणि त्याच्या मागें पाऊणशें माणसें निर्धास्त बसलेलीं असतील.

म्हणून पालकांस आमची विनंति एवढीच कीं, मुलाचा संगणक बंद करण्यापूर्वीं क्षणभर त्याच्या शेजारीं बसावें, आणि विचारावें : ‘बाळ, ही सुई आतां कोणाचें ऐकत आहे?’ त्यास उत्तर देतां आलें, तर तो शिकत आहे. न आलें, तर तें शोधून काढण्यास त्यास सांगावें. त्याच्या अभ्यासास तेथूनच आरंभ होईल.