विकीवर पोरांना बसवण्याआधी

अगं, वर्गात विकिपीडिया आणायचा म्हणतेस, आण की. पण पहिल्याच दिवशी सगळ्यांना संगणकखोलीत नेऊन खाती उघडायला लावू नकोस. एका इंटरनेट जोडणीवरून दिवसाला सहाच खाती निघतात. सातव्याचं अडलं की अख्खा तास गोंधळात जातो. घरूनच उघडून यायला सांग, टोपणनावानं; पूर्ण नाव, फोन नंबर काही नको. सगळ्या वर्गाचं मिळून एक खातं तर मुळीच नको.

आधी धूळपाटीवर, म्हणजे सरावाच्या पानावर, हात बसू दे. मग आपापल्या गावच्या पानावर एकच वाक्य, त्याला एक संदर्भ. आठवडा गेला तरी जाऊ दे. वरून कुणी शाळेचं कौतुक लिहून घ्या म्हणेल, ते गोडीनं टाळ. तसलं पान टिकत नाही.

निपाणीकडची पोरं विषय म्हणून हमखास तंबाखूच घेतात. 1981 साली शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं तंबाखूसाठी महामार्ग अडवला, ते कुणाच्या आजोबांनी डोळ्यांनी पाहिलेलं असतं. कुणाची आजी वखारीत नाकातोंडाला फडकं बांधून तंबाखू चाळायची. पण घरचं ऐकलेलं विकिपीडियावर चालत नाही, छापील आधार लागतो. पोर हिरमुसतं. त्याला वाचनालयात पिटाळ, आणि आजीचं बोलणं वर्गाच्या वेगळ्या विकीवर तारखेसकट उतरवून घे. वर्गाची विकी नसेल तर जाड वही घे. पुस्तकात न सापडणारं तिथंच साठतं.

बेळगावच्या वर्गात पहिलं भांडण नावावरूनच होणार. 1 नोव्हेंबर 2014 पासून सरकारी नाव बेळगावी, घरात सगळे बेळगाव म्हणतात. एक बदलतो, दुसरा उलटवतो. ओरडू नकोस. पानाचा 'इतिहास' उघडून कुणी, कधी, काय बदललं ते सगळ्यांना दाखव आणि नियम घाल: दुसऱ्यांदा उलटवायचं तर आधी चर्चापानावर कारण लिहायचं, आधारासकट. 'आमच्यात असंच म्हणतात' हा आधार नव्हे. आपल्या भागात मोठ्यांनाही हे जमत नाही, ते सोड.

कन्नड विकिपीडियाचं पान शेजारी उघडायला विसरू नकोस. पोरांना कन्नड विषय असतोच, कन्नडच्या सरांनाही ओढ त्यात. 1924 चं बेळगावचं काँग्रेस अधिवेशन घे. गांधीजी आयुष्यात एकदाच अध्यक्ष झाले, ते इथंच. दोन्ही पानं वाचून एकीकडे काय आहे, दुसरीकडे काय नाही, एवढीच यादी करू दे. यंत्रानं केलेलं भाषांतर तसंच चिकटवलेलं दिसलं तर परत पाठव.

गुण लेखाच्या लांबीवर देऊ नकोस. 'इतिहास' बघ. आदल्या रात्री कुठून तरी उचलून ओतलेलं एका ओळीत कळतं, आणि रोज थोडं दुरुस्त करणारी मुलगीही तिथंच दिसते.

नववीला घे. दहावीला एसएसएलसी परीक्षेच्या धास्तीनं आईबाप मोबाईलच काढून घेतात.