निशिगंधाचा विकृत फुलदांडा : बेणे राखण्यापूर्वीची पारख

निशिगंधाची व्यापारी लागवड कर्नाटकात म्हैसूर, तुमकूर, कोलार व बेळगाव, तर महाराष्ट्रात पुणे, नाशिक व सांगली या जिल्ह्यांत होते. लागवड कंदांपासून होत असल्याने बेण्यासोबत रोगही नव्या शेतात पोहोचतो. म्हणून फुलदांड्यातील विकृतीची पारख कंद काढणीपूर्वी, पीक फुलावर असतानाच करावी.

चपटा दांडा : एखादाच दांडा फितीसारखा रुंद होऊन त्यावर कळ्यांची दाटी होते. वाढीचा शेंडा रुंदावल्याने असे घडते. शेंड्यास इजा, जनुकीय बदल किंवा काही वेळा जिवाणू व विषाणू ही त्याची कारणे असतात. शेजारची झाडे निरोगी असल्यास औषध फवारणीची घाई करू नये; मात्र त्या झाडाचे कंद बेण्यासाठी घेऊ नयेत.

खरबरीत दांडा : अनेक दांडे खुजे, वाकडे व ठिसूळ होणे, त्यांवर तपकिरी रेषा दिसणे आणि कळ्या न उमलता करपणे ही पर्ण सूत्रकृमीची लक्षणे होत. पश्चिम बंगाल व ओडिशात या किडीने निशिगंधाचे मोठे नुकसान केले आहे. थंड प्रदेशातील होस्टा या शोभेच्या झाडावरही याच गटातील सूत्रकृमी आढळतो. भाताच्या पानांचे शेंडे पांढरे पडण्याचा रोगही याच गटामुळे होतो. म्हणून भातपट्ट्यात विशेष दक्षता घ्यावी.

हा सूत्रकृमी मुळांवर गाठी करीत नाही. तो पाने, कळ्या व दांड्यावर जगतो आणि पाण्याच्या पातळ थरातून वर सरकतो. त्यामुळे पावसाळी, दमट हवेत प्रादुर्भाव वाढतो. वाळलेल्या कंदांत व फुलांत तो सुप्तावस्थेत दीर्घकाळ तग धरतो. बंगळूरच्या भारतीय बागायती संशोधन संस्थेची ‘शृंगार’ ही जात मूळगाठ सूत्रकृमीस सहनशील आहे. परंतु ती सहनशीलता येथे गृहीत धरू नये.

उपाय :
१. बाधित झाडे कंदासह उपटून जाळावीत. बांधावर टाकू नयेत.
२. तुषार सिंचन टाळून पाणी सरीतून अथवा ठिबकने द्यावे.
३. बेणे निरोगी शेतातूनच घ्यावे. कंद रात्रभर साध्या पाण्यात भिजविल्यास सुप्त सूत्रकृमी सक्रिय होतात. त्यानंतर कृषी विद्यापीठाच्या शिफारशीनुसार बेणेप्रक्रिया करावी.
४. शंका असल्यास ताजे दांडे व कळ्या पिशवीत घालून सूत्रकृमी तपासणीसाठी प्रयोगशाळेत पाठवाव्यात. केवळ मातीचा नमुना पुरेसा नाही.

फुलावर असताना खूण न केलेले बाधित झाड कंदांच्या ढिगात ओळखता येत नाही, हे विस्तार कार्यकर्त्यांनी शेतकऱ्यांच्या मनावर ठसवावे.