मार्क ट्वेनचं जर्मन आणि तुमचं परभाषिक गिऱ्हाईक

परभाषिक गिऱ्हाईक आलं की बरेच दुकानदार कॅल्क्युलेटरवर आकडा दाखवतात आणि गप्प बसतात. चुकलो तर हसं होईल, ही भीती. आणि गप्प दुकानात गिऱ्हाईक जास्त वेळ थांबत नाही.

आज उदाहरण घेऊ मार्क ट्वेनचं. हा अमेरिकन विनोदी लेखक १८७८ मध्ये जर्मनीत हायडेलबर्गला राहिला, तिथे जर्मन शिकला. १८८० च्या ‘अ ट्रॅम्प अब्रॉड’ या पुस्तकाच्या शेवटी त्याने जर्मन भाषेच्या छळावर एक अख्खा लेख जोडला. मुलगी नपुंसकलिंगी आणि सलगम मात्र स्त्रीलिंगी, हा काय न्याय? वर क्रियापद कित्येकदा वाक्याच्या शेपटाला, म्हणजे शेवटपर्यंत ऐकल्याशिवाय काय घडलं तेच कळत नाही! (आपल्याकडे तीन लिंगं आहेत, क्रियापदही शेवटीच. ‘ते कार्टं’ म्हणताना आपण कुठे अडतो? जर्मन शिकणाऱ्या मराठी मुलांनी ट्वेनइतकं घाबरू नये.)

पण लेखाची सुरुवात बघा. किल्ल्यातल्या संग्रहालयाचा रखवालदार ट्वेनचं जर्मन ऐकून म्हणतो, हे फारच दुर्मिळ, संग्रहात ठेवायला हवं. म्हणजे पहिला विनोद स्वतःवर. नंतरचे व्याकरणावर, आणि तेही नियम नीट अभ्यासून.

पुढे १८९४ मध्ये त्याची प्रकाशन कंपनी बुडाली. कर्ज फेडायला तो जगभर व्याख्यानं देत फिरला, जानेवारी १८९६ मध्ये मुंबईतही आला. १८९७ ला व्हिएन्नात पत्रकारांसमोर उभा राहून त्याने याच विषयावर भाषण केलं, चक्क जर्मनमध्ये! कर्ज तेव्हा पूर्ण फिटलंही नव्हतं.

आता आपल्या काउंटरवर या. गिऱ्हाइकाच्या भाषेतली दहाच वाक्यं घ्या: भाव, माप, सुटे पैसे, ‘उद्या येईल’. अडलात तर हसून विचारा, ‘तुमच्यात याला काय म्हणतात?’ आमच्या भांड्यांच्या दुकानात एका गुजराती काकूंनी लाटण्याला ‘वेलण’ म्हणायला शिकवलं. आता त्या आल्या की आधी माझी परीक्षा घेतात, मग खरेदी! गिऱ्हाइकाच्या उच्चारांची नक्कल मात्र कधीच करायची नाही, तो गेल्यावर पोरांसमोरसुद्धा नाही.

दहा वाक्यं वहीत लिहा आणि गल्ल्याशेजारी ठेवा. पुढच्या व्हिडिओत त्यावरच सराव घेऊ.