कर्करोगातील साध्यासाध्य विचार आणि चिकित्सानिवड

चिकित्सेस प्रारंभ करण्यापूर्वी व्याधी साध्य की असाध्य हे ठरवावे, हा आयुर्वेदाचा मूलभूत दंडक आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात, महाचतुष्पाद या दहाव्या अध्यायात, सुखसाध्य, कृच्छ्रसाध्य, याप्य व प्रत्याख्येय असे भेद सांगितले आहेत. अरिष्टलक्षणांचे इंद्रियस्थानही चिकित्सास्थानाच्या आधी योजिले आहे. असाध्य व्याधीच्या मागे लागणाऱ्या वैद्याचे अर्थ, विद्या व यश नष्ट होते, असे ग्रंथकार बजावतात. कर्करोगात मात्र पहिली हानी रुग्णाची होते. येथे साध्यतेचा काळ अल्प असतो, आणि तो पुष्कळदा आपल्याच चिकित्सालयात खर्च होतो.

मनमाड हे रेल्वेचे जंक्शन. रेल्वेचा पूल-कारखाना, अन्न महामंडळाची गोदामे व मालधक्का यांमुळे येथे श्रमिक वस्ती मोठी आहे, आणि तंबाखू-चुन्याची सवयही सर्वत्र आढळते. मुखपाक, स्वरभेद, प्रदर, रक्तार्श अशा तक्रारी घेऊन येणारा रुग्ण अनेकदा प्रथम वैद्याकडेच येतो. म्हणून कर्करोगाचा साध्यासाध्य विचार हा केवळ मोठ्या रुग्णालयांचा विषय नसून आपलाही आहे.

ग्रंथोक्त निकष आणि आजच्या तपासण्या

सुखसाध्य व्याधीची चरकोक्त लक्षणे आठवावीत. हेतू, पूर्वरूपे व रूपे अल्प असणे, व्याधी नवा असणे, त्याची गती एकाच मार्गाने असणे, उपद्रव नसणे, देह सर्व औषधे सोसण्यास समर्थ असणे आणि चिकित्सेचे चारही पाद उपलब्ध असणे, ही त्यांतील प्रमुख होत. आधुनिक कर्करोगशास्त्रातील टीएनएम पद्धतीत अर्बुदाचा आकार, लसीकाग्रंथींतील प्रसार व दूरस्थ प्रसार यांवरून अवस्था ठरते. ‘नवा’ व ‘एकमार्गी’ या निकषांशी तिचे नाते स्पष्ट आहे. देहसामर्थ्यासाठी ईसीओजी श्रेणी वापरतात. शून्य म्हणजे पूर्ण कार्यक्षम, चार म्हणजे पूर्णतः शय्याग्रस्त. दशविध परीक्षेतील आहारशक्ती व व्यायामशक्ती यांचे नित्य परीक्षण करणाऱ्या वैद्यास ही श्रेणी परकी वाटू नये.

सुश्रुतांनी निदानस्थानात अर्बुद हे वृत्त, स्थिर, अल्प वेदनेचे, खोल मूळ असलेले, हळूहळू वाढणारे व न पिकणारे असे वर्णिले आहे. रक्तार्बुद व मांसार्बुद त्यांनी असाध्य मानले, तसेच मर्मस्थानी झालेले, स्रवणारे व अचल झालेले अर्बुदही वर्ज्य सांगितले. अध्यर्बुद व द्विरर्बुद या संज्ञाही लक्षणीय आहेत. तथापि प्रत्येक कर्करोग म्हणजे अर्बुद, असे समीकरण मांडणे योग्य नव्हे. रक्ताच्या कर्करोगात गाठ नसतेच, आणि हातास लागणारी प्रत्येक गाठ कर्करोगाची नसते. हा निर्णय दर्शन, स्पर्शन व प्रश्न यांवर होत नाही. त्यास बायॉप्सीच लागते.

दोन वेगळे प्रश्न

कर्करोगाच्या अहवालात दोन प्रकारची सूचके असतात. ‘हा व्याधी कोणत्या गतीने व कोठवर जाईल?’ याचे उत्तर देणारी ती रोगफलसूचके. ‘या रुग्णास कोणते औषध लागू पडेल?’ याचे उत्तर देणारी ती चिकित्सासूचके. स्तनाच्या कर्करोगात काखेतील किती ग्रंथी बाधित आहेत, हे मुख्यतः रोगफल सांगते. इस्ट्रोजेन ग्राही असणे हे औषधनिवड सांगते. ग्राही असलेल्या रुग्णांत सुमारे पाच वर्षे टॅमोक्सिफेन दिल्यास पहिल्या १५ वर्षांतील स्तनकर्करोगाचे मृत्यू सुमारे एक-तृतीयांशाने घटतात. ग्राही नसल्यास त्याचा लाभ होत नाही. हर-टू सूचक असल्यास ट्रॅस्टुझुमॅबचा विचार होतो. म्हणजे नाव एकच, स्थान एकच, परंतु औषध भिन्न.

रसशास्त्राच्या अभ्यासकांना सोमलाचे उदाहरण अधिक जवळचे वाटेल. तीव्र प्रोमायलोसायटिक ल्युकेमिया या रक्तकर्करोगावर आर्सेनिक ट्रायऑक्साइडचा उपयोग चीनमधील हार्बिन येथे १९७०च्या दशकात पुढे आला, आणि २००० साली अमेरिकेत त्यास मान्यता मिळाली. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका युरोपीय अभ्यासात, अल्प व मध्यम धोक्याच्या रुग्णांत, रेटिनॉइक आम्ल व आर्सेनिक यांच्या संयोगाने दोन वर्षांनी ९७ टक्के रुग्ण रोगाच्या पुनरुद्भवादी घटनांपासून मुक्त होते. रेटिनॉइक आम्ल व रसायनोपचार घेणाऱ्या गटात हे प्रमाण ८६ टक्के होते. हे यश १५ व १७ क्रमांकांच्या गुणसूत्रांतील विशिष्ट अदलाबदल असलेल्या व्याधीपुरतेच आहे. ते शिरेवाटे, मोजक्या मात्रेत, हृदयाच्या आलेखावर लक्ष ठेवून दिलेल्या औषधाचे आहे. त्यावरून मल्लसिंदूर वा समीरपन्नग कोणत्याही कर्करोगात द्यावे, असा अर्थ काढणे म्हणजे चिकित्सासूचकाचे तत्त्वच विसरणे होय.

मुखरोगात कालमर्यादा

समजा, मालधक्क्यावरील पंचेचाळीस वर्षांचा हमाल गालाच्या आतील व्रणासाठी आला. खदिरादि वटी, त्रिफळा क्वाथाचे गंडूष व तंबाखूवर्जन हा क्रम आपण सुरू करतो. येथे एक नियम कटाक्षाने पाळावा. तीन आठवड्यांत न भरलेला व्रण बायॉप्सीशिवाय आपल्याकडे ठेवू नये. पांढरा वा लाल चट्टा, तोंड उघडण्यास अडचण, गळ्यात कठीण ग्रंथी, अकारण सैल झालेला दात ही लक्षणे असल्यास तीन आठवडेही थांबू नये. हाच न्याय रजोनिवृत्तीनंतरच्या रक्तस्रावास लावावा. चाळिशीनंतर मलप्रवृत्तीच्या बदलासह दिसणारे रक्त गुदपरीक्षणाविना ‘अर्श’ म्हणू नये.

त्वरेचे महत्त्व मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातील एका अभ्यासातून कळते. तो २०१५ साली प्रसिद्ध झाला. मुखाच्या प्रारंभिक कर्करोगात, ग्रीवेतील ग्रंथी हातास लागत नसतानाही, त्या मूळ शस्त्रकर्माबरोबरच काढल्या तर तीन वर्षांनी ८० टक्के रुग्ण जीवित होते. ग्रंथी वाढल्यावरच काढलेल्या गटात हे प्रमाण ६७.५ टक्के होते. जे लक्षण स्पर्शास येत नाही त्याचे अनुमान करून योग्य वेळी केलेल्या कर्माचे हे फळ आहे. आपण ‘गाठ नाही’ म्हणून थांबतो, तेव्हा हा फरक लक्षात असावा.

आयुर्वेदाचे स्थान

केवळ पर्यायी उपचार स्वीकारणाऱ्या रुग्णांचा अमेरिकेतील एक अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. प्रसार न झालेल्या चार प्रकारच्या कर्करोगांत, प्रमाणित चिकित्सा नाकारून केवळ पर्यायी उपचार घेणाऱ्या २८१ रुग्णांत मृत्यूचा धोका सुमारे अडीच पट आढळला. स्तनाच्या कर्करोगात तो पाच पटींहून अधिक होता. साध्य अवस्थेतील रुग्णास शस्त्रकर्म, किरणोपचार वा रसायनोपचार यांपासून परावृत्त करणे म्हणजे त्याच्या साध्यतेचा नाश करणे होय, असे आमचे स्पष्ट मत आहे.

अग्निरक्षण, आहारयोजना, मलावष्टंभ व मुखपाकाचे उपशमन, निद्रा व सत्त्वबल हे आपले क्षेत्र आहे. रुग्ण चिकित्सा पूर्ण करू शकला, तर ते यश थोडे नव्हे. परंतु दिलेले प्रत्येक औषध कर्करोगतज्ज्ञास लेखी कळवावे. गुडूचीच्या सेवनानंतर यकृतविकार झालेल्या सहा रुग्णांचा वृत्तान्त २०२१ साली मुंबईतून प्रसिद्ध झाला. आयुष मंत्रालयाने वनस्पतीच्या ओळखीबाबत आक्षेप घेतला. तो वाद कसाही मिटो, रसायनोपचार चालू असता यकृताच्या तपासणीत बिघाड दिसल्यास त्याचे कारण शोधताना आपले औषध अज्ञात राहता कामा नये. गुग्गुळामुळे इतर औषधांचे शोषण घटल्याचेही मानवी अभ्यासात दिसले आहे.

औषधनिर्माते व विक्रेते यांच्यासाठी

१९५४च्या औषध व जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियमाच्या अनुसूचीत कर्करोगाचा समावेश आहे. ‘कर्करोगावर रामबाण’ अशी पाटी वा पत्रक हा केवळ अतिशयोक्तीचा दोष नव्हे, तर कायद्याचा भंग आहे. सोमल, हरताळ, मनःशिला, पारद, वत्सनाभ, भल्लातक ही द्रव्ये औषधी नियमांच्या ‘ई-१’ अनुसूचीत येतात. त्यांचे कल्प वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यावयाचे असल्याची सूचना वेष्टनावर आवश्यक असते. कर्करोगाचा रुग्ण अशी औषधे मागावयास आल्यास चिठ्ठी पाहावी. चिठ्ठी नसल्यास औषध देऊ नये.

आप्तांना काय सांगावे

‘किती महिने?’ हा प्रश्न येतोच. अभ्यासांतील आकडा समूहाचा असतो. मध्यक बारा महिने म्हणजे अर्धे रुग्ण त्याहून अधिक जगले, असा अर्थ आहे. एका रुग्णाचा दिवस त्यातून सांगता येत नाही. अवस्था, देहबल व उपलब्ध चिकित्सा सांगावी, महिने मोजू नयेत. याप्य व्याधीची सीमाही बदलत असते. टाटा स्मारक रुग्णालयाने २०२२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, डोके व मान यांच्या प्रगत कर्करोगात नेहमीच्या उपशामक औषधांस निव्होलुमॅबच्या केवळ २० मिलिग्रॅमची जोड दिली. एक वर्षानंतर जीवित राहिलेल्यांचे प्रमाण १६.३ वरून ४३.४ टक्क्यांवर गेले. कालचा प्रत्याख्येय आज काही काळ याप्य होऊ शकतो, म्हणून ‘आता काही उरले नाही’ हे वाक्य तज्ज्ञांच्या मताविना उच्चारू नये. आणि व्याधी खरोखरच प्रत्याख्येय असला, तरी वेदनाशमन व शुश्रूषा कधीच प्रत्याख्येय नसतात.

मनमाडहून मुंबई रेल्वेने सुमारे २६० किलोमीटर आहे. छत्रपती संभाजीनगरचे शासकीय कर्करोग रुग्णालय त्याहून जवळ आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाच्या उपचारांचा अंतर्भाव आहे. रुग्णाच्या हाती चिठ्ठी देताना संशयित निदान, व्रणाचा काळ, आपण दिलेली औषधे आणि योजनेसाठी लागणाऱ्या शिधापत्रिकेची आठवण एवढे लिहावे. पंधरा दिवसांनी रुग्ण पोहोचला की नाही याची चौकशी करावी. चतुष्पादांत वैद्य प्रथम गणला आहे, तो या दायित्वासाठीच.