ठोक्याचा कान

गिऱ्हाईक येतं, हंड्यावरच्या चमचमत्या टिकल्या बघतं आणि म्हणतं, ‘नक्षी छान आहे हो!’ आपण हसावं नि गप्प बसावं. मठार म्हणजे नुसती नक्षी नव्हे रे. ताव दिलेला तांब्याचा पातळ पत्रा हातानेही वाकतो. तोच गार असताना ठोकून काढला की कडक होतो, म्हणून तर भरलेला हंडा पोचत नाही.

पण ठोकत सुटलास तर फसशील. तांबं ठोक्यागणिक आडमुठं होत जातं आणि शेवटी काठाला चिरतं. हे डोळ्यांच्या आधी कानाला कळतं. नरम पत्रा बद्द वाजतो. कडक होत आला की आवाज चढतो, हातोडा उसळायला लागतो, मनगट झिणझिणतं. आमचे आजोबा आळीकडे पाठ करून बसायचे आणि कुणाचा पत्रा आता चिरणार ते नुसत्या आवाजावरून सांगायचे. कसबा पेठेतल्या आपल्या तांबट आळीत पेशवाईपासून हे ठोके चाललेत, कान तयार व्हायला आणखी काय हवं!

आवाज चढला की थांब, पत्रा भट्टीत घाल. ताव उन्हात जोखू नकोस. अंधाऱ्या कोपऱ्यात मंद लाल दिसला की पुरे. जास्त तापवलास तर पुढे ठोकताना संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत होतो. मग खुशाल पाण्यात बुडव. लोहाराची छिन्नी लाल असताना विझवली की कडक होते, तांबं मात्र नरमच राहतं, वरची काळी पापडी तेवढी सुटते. राहिलेली चिंचेनं काढ.

शेवटचा मठार तळाच्या मध्यापासून, गोल ओळींनी. प्रत्येक ठोका आधीच्याच्या कडेवर पडायला हवा. हातोड्याचं तोंड आरशासारखं ठेव, त्यावरचा एक ओरखडा हजार टिकल्यांत उमटतो.

पितळेचं निराळं. ठोकलेलं पितळ पावसाळ्यात गोठ्याजवळ ठेवू नकोस, मुताच्या वाफेनं आपोआप तडकतं.

आणि मठारल्यावर भांडं पुन्हा लाल होऊ द्यायचं नाही. कल्हईला कथील लागतं, ते 232 अंशांना वितळतं, तेवढ्यापुरतंच तापव. लाल झालं तर टिकल्या जशाच्या तशा दिसतील, गिऱ्हाईक खूषही होईल, पण भांडं पहिल्या आपटीला पोचेल. म्हणून कल्हई करून आलेलं भांडं बघून घेऊ नकोस, टिचकी मारून घे.