वनस्पतींतील द्रव्ये आणि सिकलसेलच्या रक्तपेशी
(उच्च प्राथमिक वर्गांच्या शिक्षकांकरिता)

पाठाचा हेतू : नंदुरबार, गडचिरोली व चंद्रपूर जिल्ह्यांत आणि मेळघाटात सिकलसेल हा आजार पुष्कळ कुटुंबांत आढळतो. अमुक मुळीने किंवा पाल्याने तो बरा होतो, असे गावोगाव सांगितले जाते. या सांगण्यास शास्त्राचा काहीच आधार नाही, असे मात्र नाही. म्हणूनच तो आधार कोठवर पोचतो व कोठे संपतो, हे शिक्षकास नेमके ठाऊक असणे अगत्याचे आहे.

विषयविवेचन : निरोगी मनुष्याच्या तांबड्या रक्तपेशी वाटोळ्या व लवचिक असतात. त्यांतील हिमोग्लोबिन हे प्रथिन प्राणवायू वाहून नेते. सिकलसेलमध्ये या प्रथिनात एका ठिकाणी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन हे अमिनो आम्ल आलेले असते. हा फरक व्हर्नन इन्ग्रॅम यांनी केंब्रिज येथे १९५७ साली दाखवून दिला. असे हिमोग्लोबिन प्राणवायू सोडताच परस्परांस चिकटून लांब तंतू बनविते. त्यामुळे पेशी ताठरते, विळ्यासारखी वाकते व बारीक रक्तवाहिन्यांत अडकते. रोग्यास तीव्र वेदना होतात. निरोगी पेशी सुमारे १२० दिवस टिकते, ही १० ते २० दिवसांतच नाश पावते. म्हणून पांडुरोग जडतो. आजार आईवडील दोघांकडून वारशाने येतो. तो संसर्गजन्य नाही.

वनस्पतींचा शोध : महाराष्ट्रात बाभळीची काडी वापरतात, तशी नायजेरियात एका झाडाची मुळी दात घासण्यासाठी चावतात. झाडाचे शास्त्रीय नाव झँथॉक्सिलम झँथॉक्सिलॉइड्स. कोकणातील तिरफळ याच प्रजातीतील होय. या मुळीच्या अर्कात ठेवलेल्या वाकड्या पेशी पुन्हा वाटोळ्या होतात, असे अबायोमी सोफोवोरा व त्यांचे सहकारी यांनी १९७१ साली प्रसिद्ध केले. पुढे त्याच देशात तुरीच्या दाण्यांच्या अर्कातही हा गुण आढळला. त्याचे मुख्य कारण फेनिलअ‍ॅलनिन हे अमिनो आम्ल असल्याचे दिसून आले. व्हॅनिलाच्या शेंगेतील सुगंधी व्हॅनिलिन हिमोग्लोबिनला जोडले जाते व त्यास प्राणवायू धरून ठेवावयास लावते. मग तंतू बनत नाहीत.

काचनळी आणि शरीर : हे सर्व प्रयोग प्रथम काचनळीत झाले. तेथे रक्ताचे थेंब थोडे आणि अर्क भरपूर असतो. शरीरात अर्ध्या किलोच्या आसपास हिमोग्लोबिन असते; तेथवर द्रव्य पुरेशा प्रमाणात आणि अपाय न करता पोचावे लागते. व्हॅनिलिन तोंडावाटे घेतल्यास पचनमार्गातच विघटन पावते. याच रासायनिक तत्त्वावर घडविलेल्या व्हॉक्सेलोटॉर या औषधास अमेरिकेत २०१९ साली परवानगी मिळाली. परंतु लाभापेक्षा धोका अधिक दिसल्याने उत्पादकाने ते सप्टेंबर २०२४ मध्ये बाजारातून मागे घेतले. कसून पारखलेल्या औषधाची ही गत, तर न पारखलेल्या काढ्याविषयी केवढी सावधगिरी हवी, हे उघड आहे. हायड्रॉक्सियुरिया या गोळीचा लाभ मात्र माणसांवरील चाचण्यांत सिद्ध झाला आहे. ती वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यावयाची असते.

वर्गातील कृती : पपईच्या पानाचा पोकळ देठ घ्यावा. त्यातून प्रथम मोहरी ओतावी. ती सरळ खाली येते. नंतर केरसुणीच्या काड्यांचे वाकविलेले तुकडे सोडावेत, ते अडकतात. पेशी का अडकतात, हे मुलांकडूनच वदवून घ्यावे.

शिक्षकांनी घ्यावयाची काळजी : वर्गातील आजारी मुलाचे उदाहरण कदापि देऊ नये. अशा मुलास वरचेवर पाणी पिऊ द्यावे व लघवीस जाण्यास अडवू नये. थंडीत, कडक उन्हात वा दमेपर्यंत कवाइतीस उभे करू नये. ताप, छातीत दुखणे, धाप किंवा एकाएकी फिकटपणा दिसल्यास पालकांस बोलावून त्याच दिवशी, विनाविलंब प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यावयास सांगावे. पालक झाडपाला देत असल्यास त्यांची थट्टा करू नये. तुरीचे वरण जेवणात अवश्य असावे. परंतु ते औषध नव्हे. काढ्यापायी गोळी बंद करू नये आणि काढा चालू असल्यास तो डॉक्टरांपासून लपवू नये, एवढे त्यांस समजावून सांगावे. पालकांचा शाळेवर विश्वास असेल, तरच हे सांगणे त्यांच्या मनावर ठसेल.

उजळणीचे प्रश्न :
१. सिकलसेलची पेशी केव्हा वाकते?
२. सिकलसेल झालेल्या मुलाशेजारी बसल्याने तो आजार होतो काय? कारण सांगा.
३. मुळीच्या अर्काने काचनळीतील पेशी वाटोळी झाली, एवढ्यावरून ती मुळी औषध ठरते काय? आणखी कोणत्या गोष्टी तपासाव्या लागतील?