गेम बनवताय? परवान्याला किती, दुकानाला किती

कन्हान-पिपरी, कामठी, पारशिवनी भागातली अनेक मुलं नागपूरच्या कॉलेजात कॉम्प्युटर शिकतात आणि रात्री घरच्या लॅपटॉपवर स्वतःचा गेम बनवू पाहतात. घर खाणीतल्या नाहीतर कारखान्यातल्या पगारावर चालतं, म्हणून पहिला प्रश्न पैशांचाच येतो: गेम इंजिनला किती मोजायचे? सुरुवातीला एक रुपयाही नाही. मात्र परवान्याच्या अटी मध्येच बदलतात आणि त्या बदलल्यावर कोणाच्या खिशाला किती चाट बसते, हे काम सुरू करण्याआधीच कळायला हवं. (खालचे सगळे हिशेब एक डॉलर म्हणजे ९० रुपये धरून केले आहेत.)

१२ सप्टेंबर २०२३ ला युनिटी हे गेम इंजिन बनवणाऱ्या कंपनीने जाहीर केलं की १ जानेवारी २०२४ पासून गेम जितक्या वेळा इन्स्टॉल होईल तितक्या वेळा शुल्क पडेल. फुकट परवान्यावाल्यांसाठी अट अशी होती: वर्षभराची कमाई २ लाख डॉलर आणि एकूण इन्स्टॉल २ लाख, हे दोन्ही आकडे ओलांडले की पुढच्या प्रत्येक इन्स्टॉलला अमेरिका-युरोपसारख्या बाजारात २० सेंट आणि भारतासारख्या बाजारात २ सेंट. ज्या गेमचे १० लाख इन्स्टॉल झाले, त्याच्या वरच्या ८ लाखांवर भारतीय दराने १६,००० डॉलर, म्हणजे १४ लाख ४० हजार रुपये. तेच इन्स्टॉल अमेरिकेत झाले असते तर १ कोटी ४४ लाख. फुकट गेम लाखो लोक उतरवून घेतात आणि पैसे थोडेच देतात, त्यामुळे हा दर छोट्या निर्मात्याला बुडवणारा होता. आधीच बाजारात असलेल्या गेमलाही तो लागू होणार होता, आणि मला ही गोष्ट सर्वांत अन्यायाची वाटते. वर्षानुवर्षांची मेहनत झाल्यावर अट बदलायची, हा व्यवहार झाला नाही.

जगभरातून विरोध झाला. दहाच दिवसांत कंपनीने फुकट परवानाधारकांना शुल्कातून वगळलं, ऑक्टोबरमध्ये प्रमुख जॉन रिचितिएलो पायउतार झाले, आणि बरोबर वर्षाने, १२ सप्टेंबर २०२४ ला, गेमवरचं हे शुल्क पूर्ण रद्द झालं. तोवर काही जण निघून गेले होते. ‘स्ले द स्पायर’च्या निर्मात्यांनी पुढचा भाग गोडो या मुक्त इंजिनावर घेतला.

युनिटीचा फुकट, म्हणजे पर्सनल, परवाना आता वर्षाला २ लाख डॉलरपर्यंत चालतो. आधी ही मर्यादा १ लाख होती. म्हणजे १ कोटी ८० लाख रुपयांपर्यंत तुम्ही शून्यावर. त्यापुढे प्रो परवाना सक्तीचा. जानेवारी २०२५ मध्ये त्याचा दर माणशी वर्षाला २,२०० डॉलर, म्हणजे १ लाख ९८ हजार रुपये झाला. त्या दराने तिघांच्या चमूला ५ लाख ९४ हजार, कर वेगळा. घेताना त्या दिवसाचा दर नक्की पाहा.

इथे एक खाच आहे, ती नीट समजून घ्या. २ लाख डॉलरच्या या मर्यादेत फक्त विक्री धरत नाहीत, गुंतवणूकदाराकडून आलेला पैसाही धरतात. आणि तुम्ही परदेशी कंपनीचं काम ठेक्याने करत असाल तर त्या कंपनीची उलाढाल मोजली जाते. कन्हानला बसून महिन्याला वीस हजारांचं काम करणाऱ्यालाही त्यामुळे प्रो लागू शकतो. तो खर्च कोण देणार, हे काम घेण्याआधी लेखी ठरवा.

अनरीयल या इंजिनाचा हिशेब वेगळा आहे. एका गेमची एकूण विक्री १० लाख डॉलर, म्हणजे ९ कोटी रुपये, होईपर्यंत काही नाही. त्यापुढच्या रकमेवर ५ टक्के. अनरीयलवाल्या एपिक कंपनीच्या दुकानात गेम इतर दुकानांबरोबरच आणला तर २०२५ पासून साडेतीन टक्के. हे टक्के दुकानाचा वाटा कापण्याआधीच्या विक्रीवर लागतात. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये आणलेला ‘राजी’ याच इंजिनावर बनला. फक्त साध्या लॅपटॉपवर अनरीयल जड जातं.

गोडो एमआयटी परवान्याखाली आहे: शुल्क नाही, टक्का नाही, आणि हातात असलेल्या आवृत्तीची अट मागाहून कोणी बदलू शकत नाही. प्लेस्टेशन किंवा स्विचवर न्यायचं असेल तर मात्र बहुधा दुसऱ्या कंपनीला पैसे देऊन ते काम करून घ्यावं लागतं.

खरा पैसा जातो गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानात. गुगल प्लेची नोंदणी एकदाच २५ डॉलर, म्हणजे २,२५० रुपये. वर्षाच्या पहिल्या १० लाख डॉलरवर वाटा १५ टक्के, पण हा सवलतीचा दर आपोआप मिळत नाही, त्यासाठी नोंद करावी लागते. नवीन वैयक्तिक खातं असेल तर आधी १२ जणांकडून सलग १४ दिवस चाचणी करून घ्यावी लागते. कॉलेजचे मित्र यासाठी पुरतात. कॉम्प्युटरवरच्या गेमचं दुकान म्हणजे स्टीम, तिथे प्रत्येक गेमला १०० डॉलर, म्हणजे ९,००० रुपये. विक्री १,००० डॉलर झाली की ते परत मिळतात. स्टीमचा वाटा ३० टक्के. भारतात ५०० रुपयांना गेम विकला तर १८ टक्के जीएसटी वजा जाऊन ४२४ उरतात, स्टीम १२७ घेतं, हातात साधारण २९७ येतात. अमेरिकेतल्या विक्रीवर तिथला करही कापतात. पॅन देऊन कराचा अर्ज नीट भरला तर भारताशी असलेल्या करारानुसार १५ टक्के, नाहीतर ३०. हा अर्ज कंटाळवाणा आहे म्हणून अर्धवट सोडू नका.

माझा सल्ला असा. पहिला, छोटा, दोन मितींचा गेम असेल तर गोडो घ्या. नोकरी किंवा ठेक्याची कामं मिळवायची असतील तर युनिटी पर्सनल शिका, आणि तुमची किंवा ठेका देणाऱ्या कंपनीची उलाढाल मर्यादा ओलांडेपर्यंत कोणी कितीही गळ घातली तरी प्रो विकत घेऊ नका. इंजिन उतरवाल त्याच दिवशी त्या आवृत्तीच्या अटींचं पान पीडीएफ करून ठेवा, आणि गेम बाजारात येईपर्यंत गरजेशिवाय आवृत्ती बदलू नका.